‘पहाडी आवाज’ म्हणजे काय? प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्याचा इतिहास

प्रल्हाद शिंदे यांच्याविषयी मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यात एक शब्द हमखास येतो : पहाडी आवाज. अमर शेख यांच्याविषयी लिहितानाही तोच शब्द, विठ्ठल उमप यांच्याविषयीही तोच. हा शब्द वापरला की लिहिणाऱ्याचं काम संपतं. कारण पहाड कुणी घडवत नाही, तो आधीपासून असतोच. म्हणजे हा माणूस कुणाकडे शिकला नाही, त्यानं मेहनत केली नाही, त्यानं काही शोधून काढलं नाही. डोंगर जसा उभा असतो तसा त्याचा गळा होता, एवढंच.

आता हाच लेखक शास्त्रीय गायकाबद्दल लिहितो तेव्हा त्याचे शब्द बघा. रियाज, तालीम, गुरू, घराणं, स्वरलगाव, दमसास, फिरत. तिथे प्रत्येक गोष्टीला नाव आहे आणि प्रत्येक नावामागे मेहनत गृहीत धरलेली आहे. एकाच्या वाट्याला विद्या, दुसऱ्याच्या वाट्याला निसर्ग. ही वाटणी आपल्या चांगलीच ओळखीची आहे. चपला शिवणाऱ्याच्या हातात ‘पारंपरिक कसब’ असतं आणि इंजिनिअरच्या हातात ‘ज्ञान’ असतं, हे ज्या समाजाला खटकत नाही, त्याला गळ्याच्या बाबतीत तरी का खटकावं?

माझं म्हणणं सरळ आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ही विद्या होती. ती कुठे घडली, कशी घडली, तिची रीत काय होती, हे सांगता येतं. ते सांगितलं नाही तर आपणच आपल्या माणसाला ‘देवाची देणगी’ म्हणून मोकळे होतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं निदान हा शब्द तरी तपासून वापरावा. देणारा कुणी नाही असं आपण म्हणतो, तर मग देणगी आली कुठून? बुद्धानं प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारणाशिवाय कार्य नाही. मग या आवाजाचीही कारणं शोधली पाहिजेत.

मंगळवेढ्याचे दोन गळे

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ साली मंगळवेढ्यात झाला. मंगळवेढा हे चोखोबांचं गाव. इ.स. १३३८ मध्ये याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. म्हणजे ज्या संताचे अभंग आज गायले जातात, तो वेठीच्या बांधकामावर मेला. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. १९४८ साली बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. धर्म सोडायचा निर्णय जाहीर करून तेरा वर्षं झालेल्या माणसानं ही अर्पणपत्रिका लिहिली, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे मंगळवेढ्यात जन्मलेला प्रल्हाद नावाचा मुलगा चौदा वर्षांच्या आसपास होईपर्यंत सुमारे २५ किलोमीटरवरच्या त्या मंदिरात पाऊल टाकू शकत नव्हता. पुढे याच मुलाचा आवाज आषाढीच्या वाटेवरच्या प्रत्येक भोंग्यातून वाजू लागला. विठ्ठलाच्या गाण्यांत महाराष्ट्रानं बहुधा सर्वांत जास्त ऐकलेल्या आवाजांपैकी हा एक. आणि १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत तोच आवाज भीमगीतं गात होता.

आमचं तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. कोजागरीला सोलापुराकडून चालत तुळजापूरला जाणाऱ्यांचा लोंढा याच रस्त्यानं जातो. रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवर, राहुट्यांवर शिंदे घराण्यातल्या गळ्यांची गाणी वाजतात. ऐकणाऱ्यांना गायकाची जात विचारावीशी वाटत नाही. पण त्याच गायकाच्या जातीची वस्ती गावात कुठल्या बाजूला आहे, हे मात्र त्यांना न विचारता माहीत असतं.

माईक नसतानाची शाळा

हा आवाज ज्या परंपरेतून आला ती माईकच्या आधीची आहे. सत्यशोधक जलसे, त्यानंतर १९३० च्या दशकापासून जोर धरलेले आंबेडकरी जलसे, तमाशा, शाहिरी, भजनी फड. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव जलसे करत होते तेव्हा श्रोते उघड्यावर बसायचे. वर छत नाही, मागे भिंत नाही. बंद सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि गायकाला मदत करतो. उघड्या मैदानात गेलेला आवाज परत येत नाही. शिवाय बाजूला ढोलकी, हलगी, डफ, झांज. या गोंगाटावर मात करून शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे. इथे शब्द कळणं ही चैनीची बाब नव्हती. जलसा हे प्रबोधन होतं. ‘मेलेल्या जनावरांचं मांस खाऊ नका’ हे वाक्य ऐकू आलं नाही तर सगळी रात्र वाया.

या अडचणीवर लोकगायकांनी जी उत्तरं शोधली, ती म्हणजेच त्यांचं तंत्र. एक एक करून बघू.

पहिलं उत्तर : पट्टी वर नेणं. शास्त्रीय गायनात पुरुषांची नेहमीची पट्टी काळी एकच्या आसपास. म्हणजे त्यांचा मधला सा सुमारे १३९ हर्ट्झचा, स्वरतंतू सेकंदाला १३९ वेळा मिटतात-उघडतात. शाहिरी आणि तमाशाच्या फडात पुरुष काळी चार, काळी पाचमध्ये सर्रास गातात. काळी चारचा मधला सा सुमारे २०८ हर्ट्झ आणि वरचा सा सुमारे ४१५ हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणारा गवई तार सप्तकातल्या पंचमावर पोचतो तेव्हा तो ज्या उंचीवर असतो, त्या उंचीवर काळी चारच्या शाहिराचा नुसता षड्ज असतो. त्यापुढे त्यानं तार सप्तकातला शुद्ध गंधार लावला की तो ५२३ हर्ट्झवर जातो. युरोपातल्या ऑपेरात टेनर गायकाचा ‘वरचा सी’ म्हणून ज्या सुराचं एवढं कौतुक होतं, तो सूर हाच. तिथे तो सूर लागला की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं. इथे शाहीर तो लावून पुढच्या कडव्याकडे जातो.

दुसरं उत्तर : खोटा आवाज न वापरणं. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झमध्ये असतो. तो वर नेत गेलं की तीनशे-साडेतीनशेच्या आसपास एक उंबरठा येतो. तिथे बहुतेकांचा आवाज फुटतो किंवा पातळ, वाऱ्यासारखा होतो. त्यालाच आपण खोटा आवाज म्हणतो. लोकगायक हा उंबरठा छातीच्या आवाजातच ओलांडतो. स्वरतंतू ताणलेले पण पूर्ण मिटणारे, खालून फुप्फुसाचा दाब जास्त, तोंड मोठं उघडलेलं, जबडा सैल. पाश्चात्त्य रॉक आणि ब्रॉडवेच्या गायकीत याला ‘बेल्टिंग’ म्हणतात आणि ते शिकवण्याचे पैसे घेणारे शिक्षक जगभर आहेत. चुकीचं केलं तर स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज कायमचा बसतो. चाळीस-चाळीस वर्षं रात्रभर असं गाऊन ज्यांचा गळा शाबूत राहिला, त्यांना ते बरोबर कसं करायचं हे माहीत होतं. हे ज्ञान नाही तर काय आहे?

तिसरं उत्तर : धार. माणसाचा कान सगळ्या कंपनांना सारखा दाद देत नाही. साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण असतो. योहान सुंदबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ऑपेरा गायक स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी घडवतात की ३,००० हर्ट्झच्या आसपास आवाजाची ताकद एकवटते आणि तो अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून ऐकू येतो. आपल्या लोकगायकांच्या आवाजात जी धातूसारखी, किंचित नाकाकडे झुकणारी धार ऐकू येते, तिचं कामही हेच आहे. त्यामुळे ताकद न वाढवता आवाज लांब जातो. अभिजनांच्या कानाला जो ‘कर्कश’ वाटतो, तो खरं तर लांब पोचण्यासाठी धार लावलेला आवाज आहे. दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्याला धार टोचणारच. ती त्याच्यासाठी लावलेली नाही.

चौथं उत्तर : झीलकरी. शाहिराच्या मागे उभे राहणारे साथीदार ओळीचा शेवट उचलतात आणि ‘जी जी’ची झील धरतात. ऐकणाऱ्याला ती नुसती रंगत वाटते. पण तेवढ्या वेळात मुख्य गायक श्वास भरून घेतो, गळ्याला विसावा देतो, पुढची ओळ आठवतो आणि सूर कानात पक्का करून घेतो. रात्रभर गाणं निभावतं ते या वाटणीवर. ही एकट्या प्रतिभावंताची कला नाही. ही सहकाराची कला आहे.

कव्वालीची तालीम

प्रल्हाद शिंदे यांनी पुढची तालीम घेतली ती कव्वालीच्या पार्टीत. इस्माईल आझाद या गाजलेल्या कव्वालाच्या पार्टीत ते कोरसमध्ये गात होते. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीमुळे देशभर पोचलेला आवाज. कोरसमध्ये गाणं म्हणजे काय? मुख्य गायकानं टाकलेली ओळ क्षणात उचलायची, त्याच सुरात, त्याच जोमानं, टाळीच्या ठेक्यावर, तासन्‌तास. गुरू समोर गंडा बांधत नाही, पण प्रत्येक ओळीला तो तुमची परीक्षा घेतो. चूक झाली तर हजार माणसांसमोर उघडी पडते.

आता प्रल्हाद शिंदे यांची कुठलीही जुनी ध्वनिमुद्रणं काढा आणि लक्ष देऊन ऐका. अनेक गाण्यांची सुरुवात तालाशिवाय होते. ढोलक गप्प असतो आणि एक लांब पुकार वरच्या सुरावर जाऊन उभी राहते. हा कव्वालीतल्या शेराचा डौल आहे. सूर खालून घसरत वर नेलेला नसतो, थेट नेमक्या जागी आदळतो. तो धरून ठेवताना थरथर जवळजवळ नसते, सरळ रेघ असते. आणि ओळ सोडताना एक बारीक, झटपट मुरकी घेऊन ते खाली उतरतात. मग ढोलक शिरतो. शब्द तुटक आणि स्वच्छ, जोडाक्षरं गिळलेली नाहीत, ‘ळ’ हा ‘ळ’च. इथे जलशाचा आणि भजनाचा संस्कार दिसतो. शेराची पुकार मुसलमान कव्वालांकडून, शब्दाची शिस्त जलशाकडून, ओळीची ठेवण भजनाकडून. एका गळ्यात तीन शाळा. याला निसर्ग म्हणायचं?

आणखी एक गोष्ट. आपल्या गावांत गाणं पोचलं ते भोंग्यातून, लोखंडी कर्ण्यातून. या कर्ण्याला खालचे खर्जाचे सूर झेपत नाहीत. तो मधल्या आणि थोड्या वरच्या पट्ट्यातला आवाजच नीट फेकतो. सिनेमातला माईकला चिकटून गायलेला मऊ आवाज कर्ण्यातून आला की पुसट होतो, शब्द हरवतात. ज्या आवाजाची ताकद दोन-तीन हजार हर्ट्झच्या धारेत आहे, तो कर्ण्यातून दोन शेतं ओलांडून स्पष्ट ऐकू येतो. माईकच्या आधीच्या मैदानासाठी घडलेला गळा स्वस्त भोंग्यालाही नेमका लागू पडला. पुढे कॅसेट आली, १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर वस्तीवस्तीत पोचला, तेव्हाही छोट्या स्पीकरवर हाच आवाज उठून दिसला. लोकप्रियतेमागे भक्ती आहे, चळवळ आहे, तसं हे ध्वनीचं साधं शास्त्रही आहे.

फ्रेडी मोजला गेला, आपले कधी?

रॉक संगीतातला सर्वांत गाजलेला पुरुषी गळा कुणाचा, असं विचारलं तर अनेकजण फ्रेडी मर्क्युरीचं नाव घेतात. हा फारोख बल्सारा. झांझिबारला १९४६ साली पारशी घरात जन्मलेला आणि आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. पाचगणीत असतानाच त्यानं शाळेच्या बँडमध्ये वाजवायला सुरुवात केली.

२०१६ साली ऑस्ट्रियाचे ख्रिश्चन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या मुलाखती घेऊन बोलण्याची पट्टी मोजली, ती निघाली सुमारे ११७ हर्ट्झ. म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा हा माणूस मुळात मधल्या जाड आवाजाचा असावा. त्याच्या सुराची थरथर सेकंदाला सुमारे सात वेळा, इतर गायकांपेक्षा जलद. त्याच्या गाण्यातल्या खरखरीचं कोडं सोडवण्यासाठी एका रॉक गायकाकडून त्याची नक्कल करवून घेतली आणि त्या वेळी स्वरयंत्राचं हाय-स्पीड कॅमेऱ्यानं चित्रण केलं. आणि फ्रेडीचा आवाज चार सप्तकं फिरायचा, ही दंतकथा त्यांना मिळालेल्या पुराव्यात टिकली नाही. तरी त्याचं मोठेपण तसूभर कमी झालं नाही. उलट कळलं की त्याला जे जमत होतं ते शरीराच्या आयत्या देणगीवर नाही, तंत्रावर जमत होतं.

याला म्हणतात आदर. दंतकथा बाजूला ठेवून माणसाचं काम मोजणं. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. वामनदादा कर्डक त्याच वर्षी मे महिन्यात गेले होते. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. ‘जांभूळ आख्यान’ एकट्याच्या गळ्यावर उभं करणारा, एका दमात पुरुषी हुंकार आणि पुढच्या दमात द्रौपदी होणारा हा कलावंत. आपल्याकडे त्यांचे पुतळे होतील, चौकांना नावं मिळतील. पण त्यांची पट्टी कोणती, श्वास कुठे घेत, गळा कसा राखत, हे लिहून ठेवलेलं किती सापडतं?

रॉकचा उल्लेख आलाच आहे तर त्याची वंशावळही सांगू. तो छातीतून उठणारा, फाटेल की काय असं वाटणारा आवाज काळ्या माणसांच्या चर्चमधून आणि ब्लूजमधून आला. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेनं १९५२ साली ध्वनिमुद्रित केलेलं ‘हाउंड डॉग’ १९५६ साली एल्विस प्रेस्लीनं गायलं आणि जगाला ते एल्विसचं गाणं म्हणूनच ठाऊक झालं. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ पॅट बून या गोऱ्या गायकानं गुळगुळीत करून गायलं आणि विक्रीच्या यादीत तेच वर गेलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण काळ्या माणसांच्या लढ्याशी नातं जोडलं. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकायची राहिली आहे. त्यांनी आपल्या गळ्याचा इतिहास स्वतः लिहिला, विद्यापीठांत नेला, आणि ‘हे आमचं आहे’ असं पुराव्यानिशी सांगितलं.

‘मग विठ्ठलाची गाणी का गायली?’

हा प्रश्न आपल्या तरुण कार्यकर्त्यांत हमखास निघतो आणि तो टाळू नये. भीमगीतं गाणाऱ्या माणसानं विठ्ठलाची आणि इतर देवांची गाणी गायली, हे आपल्या प्रतिज्ञांशी जुळत नाही. काही जण त्यावरून त्यांना नावं ठेवतात. काही जण गप्प बसतात. मला दोन्ही पटत नाही.

प्रतिज्ञा ही श्रद्धेची आणि आचरणाची बाब आहे, तिथे सूट मागण्याचा प्रश्न नाही. पण गाणं हा या माणसाचा पोटाचा धंदाही होता. भीमगीतांना १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास बोलावणं येणार. बाकीचं वर्ष कंपनी कशाचे पैसे देणार? बाजार भक्तीचा होता. मंदिर बांधणाऱ्या गवंड्याला आपण धर्मांध म्हणत नाही, त्याची मजुरी बघतो. चोखोबांनी गावकुसाची भिंत बांधली म्हणून गावकूस त्यांचं झालं नाही. बाबासाहेबांना हा फरक कळत होता, म्हणूनच धर्म सोडायला निघालेल्या बाबासाहेबांनी आपला ग्रंथ चोखोबांना अर्पण केला. त्यांनी विठ्ठल स्वीकारला नाही, पण चोखोबांना टाकलं नाही.

खरा प्रश्न उलट बाजूला विचारायला हवा. ज्यांनी हा आवाज देवळात वाजवला, त्यांनी तो माणूस म्हणून किती स्वीकारला? आवाज चालतो, कारण आवाजाला स्पर्श होत नाही. आवाज कर्ण्यातून गाभाऱ्यापर्यंत जातो, त्याची जात कुणी विचारत नाही. पण त्याच वेळी त्या जातीच्या जिवंत माणसाला विहिरीवर, स्मशानात, भाड्याच्या खोलीच्या दारात जात विचारली जाते. हा स्वीकार नाही, हा वापर आहे. आपली नाराजी तिकडे वळली पाहिजे.

आणि वापराचा हिशेबही बघा. गायकासारख्या कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर कायदेशीर हक्क मिळाला तो १९९४ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीनं. ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापराबद्दल मानधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा हक्क कायद्यात स्पष्टपणे आला तो २०१२ च्या दुरुस्तीनं. म्हणजे प्रल्हाद शिंदे गेल्यानंतर आठ वर्षांनी. त्यांची बहुतेक कारकीर्द अशा काळात गेली, जेव्हा गळा गायकाचा आणि गाणं कंपनीचं, हाच कायदा होता. ‘देवाची देणगी’ या शब्दाचा बाजाराला फायदा काय, हे इथे कळतं. देणगीची मजुरी कुणी मागत नाही. विद्येची आणि श्रमाची मागता येते.

घराणं म्हणायला काय हरकत?

शास्त्रीय संगीतात साधारण तीन पिढ्या एखादी गायकी टिकली की तिला घराणं म्हणायचा प्रघात आहे. प्रल्हाद शिंदे यांच्यानंतर आनंद आणि मिलिंद शिंदे, त्यांच्यानंतर आदर्श शिंदे. तीन पिढ्या, तीच खुली, वरच्या पट्टीतली, धारदार गायकी, प्रत्येकानं आपल्या काळाप्रमाणे वळवलेली. लोक प्रेमानं ‘शिंदेशाही’ म्हणतात. पण संगीताच्या पुस्तकात ‘शिंदे घराणं’ असं कुणी लिहीत नाही. निकष तोच, मग शब्द का बदलतो? समाजशास्त्र शिकताना मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाची एक मांडणी वाचली होती. चालणं, पोहणं, बसणं या गोष्टीही नैसर्गिक नसतात, समाज त्या शरीराला शिकवतो, असं त्यानं १९३४ साली मांडलं. गाणं तर त्याहून कितीतरी जास्त शिकवलेलं असतं. प्रश्न एवढाच की कुणाचं शिकणं ‘शिकणं’ म्हणून मोजायचं, हे कोण ठरवतं.

ते आता आपण ठरवू शकतो. आपल्याच तरुणांना करता येतील अशी तीन कामं सुचवतो.

पहिलं, आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या गायकांना, झीलकऱ्यांना, ढोलकीवाल्यांना भेटा. मोबाईलवर त्यांचं म्हणणं ध्वनिमुद्रित करा. ‘तुम्ही बाबासाहेबांना पाहिलं होतं का?’ एवढंच विचारून उठू नका. विचारा : दादा, पट्टी कोणती लावायचात? गळा बसला तर काय करायचात? कोरसला कसं शिकवलंत? रात्री दोननंतर आवाज कसा टिकवायचात? ज्या बाया जलशात, गायन पार्टीत गायल्या त्यांना तर आधी भेटा. ताईंना कुणी काही विचारतच नाही.

दुसरं, मोजा. ‘प्राट’ नावाचं आवाज मोजण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ॲमस्टरडॅमच्या अभ्यासकांनी ते तयार केलं आहे. साध्या लॅपटॉपवर चालतं. ढोलक शिरण्याआधीची पुकार कापून त्यात टाकली की सुराची उंची हर्ट्झमध्ये समोर येते. फक्त एक काळजी घ्या. जुन्या कॅसेटची गती कमी-जास्त झालेली असते, त्यामुळे सूर वर-खाली सरकतो. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती पडताळून मगच आकडा लिहा. आपली बाजू आहे म्हणून फुगवलेला आकडा लिहू नका. चार सप्तकांची दंतकथा आपल्याला नको.

तिसरं, जयंतीच्या मंडळात एक तास माणसाच्या गळ्यासाठी ठेवा. डीजेच्या भिंतीपुढे गाणाऱ्याची गरजच उरत नाही, त्यामुळे शिकणाराही उरत नाही. गाणाऱ्या पोरांना मंच मिळाला, चार झीलकरी मागे उभे राहिले, तरच ही विद्या पुढच्या पिढीकडे जाईल. ती पुस्तकात लिहिलेली नाही, गळ्यातून गळ्यात जाते. एक पिढी गप्प बसली तर संपते.

बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्यानं बोलायला शिकवलं. इतिहास दुसऱ्यानं लिहिला की आपण त्यात एकतर नसतो किंवा चमत्कार म्हणून असतो. प्रल्हाद शिंदे चमत्कार नव्हते. ते शिकलेले, कसलेले, मेहनतीचे गायक होते, आणि त्यांनी जे कमावलं ते काय होतं हे नेमकेपणानं सांगणं आता आपल्याकडे आलं आहे. यापुढे कुणी ‘पहाडी आवाज’ म्हणून विषय मिटवू लागला, तर त्याला एवढंच विचारा : पट्टी कोणती होती, ते सांगता का?

जय भीम.